अनास्तासियस हार्टमन

अनास्तासियस हार्टमन (२४ फेब्रुवारी १८०३ – २४ एप्रिल १८६६) हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले कॅपुचिन संघाचे धर्मगुरू, पाटण्याचे पहिले व्हिकार अपोस्टोलिक आणि १८४९ ते १८५८ या काळात मुंबईच्या कॅथॉलिक मिशनचे प्रमुख होते. 'बॉम्बे कॅथॉलिक एक्झामिनर' या साप्ताहिकाची सुरुवात त्यांच्या कारकिर्दीत झाली. मुंबईच्या इतिहासात मात्र त्यांचे नाव प्रामुख्याने १८५३ साली माहीमच्या सेंट मायकेल चर्चला पडलेल्या वेढ्याशी जोडले गेले आहे. चर्चचा कारभार कोणत्या धर्माधिकाऱ्याच्या हाती असावा हे ठरवण्याचा अधिकार रोमने नेमलेल्या बिशपचा की त्या धर्मग्रामातील सामान्य प्रापंचिकांचा, हा त्या वेढ्यामागचा प्रश्न होता. धर्मगुरू आणि प्रापंचिक यांच्यातील भेदाला बायबलचा आधार कितपत आहे, या जुन्या वादाशी तो प्रश्न थेट जाऊन भिडतो.

पूर्वायुष्य

हार्टमन यांचा जन्म लुझर्न प्रांतातील आल्टविस या खेड्यात झाला. १८२१ साली त्यांनी कॅपुचिन संघात प्रवेश केला. कॅपुचिन ही फ्रान्सिस्कन परंपरेतील एक कडक शिस्तीची शाखा असून दारिद्र्य, जाडेभरडे वस्त्र आणि लोकांमध्ये मिसळून उपदेश करणे ही तिची वैशिष्ट्ये होत. १८२५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढील वर्षे त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये संघाच्या तरुण उमेदवारांना घडवण्यात आणि तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान शिकवण्यात घालवली. मिशनकार्याची ओढ त्यांना होती, परंतु वरिष्ठांची परवानगी मिळेपर्यंत वयाची चाळिशी जवळ आली. १८४०च्या दशकाच्या पूर्वार्धात ते भारतात आले. आग्रा मिशनमध्ये आणि ग्वाल्हेर येथे त्यांनी काम केले. १८४५ साली आग्र्यापासून पाटण्याचे क्षेत्र वेगळे झाले, तेव्हा त्याची जबाबदारी त्यांच्यावर आली व १८४६ मध्ये त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला.

पाटण्याचे क्षेत्र अफाट आणि तेथील कॅथॉलिकांची संख्या अगदी तुटपुंजी होती. मुंबईची स्थिती नेमकी उलटी होती. तेथे माणसे होती, चर्च होती, तीन शतकांची परंपरा होती आणि तितकेच जुने कज्जेही होते. १८४९ मध्ये हार्टमन यांना मुंबईच्या कारभारासाठी पाठवण्यात आले.

मुंबईतील दोन अधिकार

हार्टमन यांच्या वाट्याला आलेला वाद समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पोर्तुगालच्या राजाला पोपने दिलेल्या 'पाद्रोआदो' या अधिकारान्वये पूर्वेकडील बिशपांची नावे सुचवण्याचा हक्क राजाकडे होता आणि त्या बदल्यात चर्चच्या खर्चाची जबाबदारीही त्याच्यावर होती. राजा स्वतः धर्मगुरू नव्हता. म्हणजे पुढे ज्या पक्षावर प्रापंचिकांना डोक्यावर चढवून ठेवल्याचा आरोप झाला, त्या पक्षाचा मूळ हक्कच एका प्रापंचिकाचा होता, ही गोष्ट या वादात सहसा कोणी लक्षात घेतली नाही. दुसऱ्या बाजूला १६२२ साली रोममध्ये 'प्रॉपगंडा फिदे' ही मिशनकार्याची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. तिने राजाला मध्ये न घेता थेट पोपच्या नावाने व्हिकार अपोस्टोलिक नेमण्यास सुरुवात केली.

मुंबई बेट १६६५ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले तरी चर्च गोव्याच्या आर्चबिशपच्या अखत्यारीत राहिली. पोर्तुगीज धर्मगुरूंच्या राजकीय निष्ठेविषयी संशय बळावल्यावर १७२० साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना बेटाबाहेर काढले आणि कार्मेलाइट संघाच्या व्हिकार अपोस्टोलिकांना बोलावले. १७८९ मध्ये कंपनीने हा निर्णय फिरवून चर्च पुन्हा गोव्याकडे सोपवली. दोन वर्षांत ती परत कार्मेलाइटांकडे आली. अखेर १७९४ मध्ये सरळ वाटणी झाली : माझगावचे ग्लोरिया आणि खालच्या माहीमचे, म्हणजे आजच्या दादरचे साल्व्हेशन चर्च (लोकांच्या तोंडी 'पोर्तुगीज चर्च') गोव्याकडे, तर भुलेश्वरचे एस्पेरान्सा आणि वरच्या माहीमचे सेंट मायकेल व्हिकार अपोस्टोलिककडे. एकाच शहरात, एकाच धर्मपंथाचे, एकाच पोपला मानणारे दोन स्वतंत्र अधिकार अशा रीतीने शेजारी शेजारी नांदू लागले. हा निर्णय ना पोपने घेतला होता ना राजाने. तो प्रोटेस्टंट व्यापारी कंपनीचा होता.

या सततच्या अदलाबदलीतून लोकांना एक धडा मिळाला. अधिकार बदलू शकतो आणि सरकारकडे अर्ज केला तर तो बदलवताही येतो, हे त्यांना कळून चुकले. चर्चची इमारत पूर्वजांनी वर्गणी काढून, जमीन देऊन, मजुरी करून उभी केलेली होती. तिचे उत्पन्न आणि मालमत्ता 'फॅब्रिका' नावाची व्यवस्था सांभाळत असे व तीत प्रापंचिकांचा हात असे. सणांचा खर्च आणि मिरवणुका बंधुसंघ पाहत. धर्मगुरू बदलत, परंतु ही घराणी पिढ्यान् पिढ्या तेथेच राहत. अशा वादांत धर्मसिद्धान्ताच्या खोलात न शिरता बहुसंख्य धर्मग्रामस्थांची इच्छा पाहण्याकडे सरकारचाही कल राहिला.

१८३८ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी 'मुल्ता प्रीक्लारे' या पत्राने भारतातील पाद्रोआदोच्या अनेक धर्मप्रांतांचा अधिकार काढून घेतला. पोर्तुगाल आणि गोव्यातील धर्माधिकाऱ्यांनी ते पत्र मानले नाही. प्रॉपगंडाच्या बाजूने या विरोधाला 'गोव्याची फूट' असे नाव मिळाले. विरोधकांच्या दृष्टीने ही फूट नव्हतीच. जो करार दोघांनी केला तो एकाला परस्पर मोडता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय वादाला एक स्थानिक बाजू होती. पाद्रोआदोकडील धर्मगुरू बहुतेक गोव्याचे व येथल्याच मातीतले, तर व्हिकार अपोस्टोलिक आणि त्यांचे प्रमुख सहकारी युरोपीय. माहीम, वांद्रे, साष्टी व वसई येथील मराठीभाषक ख्रिस्ती समाजाला (पुढे १८८७ पासून 'ईस्ट इंडियन' म्हणून ओळखल्या गेलेल्या समाजाला) या दोहोंपैकी कोण अधिक जवळचा, हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा नव्हता.

माहीमचा वेढा

सेंट मायकेल हे मुंबई बेटावरील सर्वात जुन्या चर्चपैकी एक असून त्याची स्थापना परंपरेने सोळाव्या शतकातील फ्रान्सिस्कनांकडे जाते. वांद्र्याच्या डोंगरावरील मारियेची मूर्ती मराठ्यांच्या स्वारीनंतर काही काळ याच चर्चमध्ये ठेवली होती. त्यामुळे खाडीच्या पलीकडील ख्रिस्ती लोकांचाही त्यावर जीव होता. १७९४ पासून ते व्हिकार अपोस्टोलिककडे होते. प्रॉपगंडाच्या दृष्टीने ते गेले असते तर माहीमसारखे मोक्याचे ठाणे जाणार होते.

१८५३ च्या आरंभी मकावचे बिशप जेरोनिमो दा माता मुंबईत आले. पाद्रोआदो पक्षाच्या आमंत्रणावरून त्यांनी हार्टमन यांच्या क्षेत्रात बिशपने करावयाचे विधी केले. एका बिशपने दुसऱ्याच्या हद्दीत त्याच्या संमतीवाचून असे करणे चर्चच्या कायद्याने वर्ज्य आहे. हार्टमन यांनी निषेध केला. पण पाद्रोआदोच्या लोकांना या भेटीने मोठा धीर आला. त्याच सुमारास वरच्या माहीमच्या बहुसंख्य धर्मग्रामस्थांनी गोव्याच्या अधिकाराखाली परत जाण्याचे ठरवले.

चर्च हातचे जाणार हे दिसताच हार्टमन यांनी स्वतः आपल्या अनुयायांसह सेंट मायकेलमध्ये प्रवेश केला आणि आतून ठाण मांडले. चर्च फुटीर लोकांच्या स्वाधीन करण्यापेक्षा हौतात्म्य पत्करू, अशी भूमिका त्यांनी जाहीर केली. बाहेरच्या पक्षाने चर्चला वेढा घातला आणि आत जाणारी रसद अडवली. हा प्रकार सुमारे पंधरा दिवस चालला. पन्नाशीचा एक बिशप आपल्याच कळपाने कोंडून घातलेला, आणि कोंडणारे लोक त्याच चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतलेले, असे हे दृश्य होते. शेवटी सुव्यवस्थेसाठी मुलकी अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप केला, दरवाजे फोडून उघडण्यात आले आणि चर्च पाद्रोआदो पक्षाच्या ताब्यात देण्यात आले.

हार्टमन यांच्या चरित्रकारांनी या घटनेत बिशपचे धैर्य पाहिले, तर स्थानिक समाजाच्या आठवणींत ती लोकांच्या हक्काची लढाई म्हणून राहिली. दोन्ही गोष्टी खऱ्या मानण्यास अडचण नाही. अडचण आहे ती एवढीच की, दोन्ही पक्षांनी शेवटी ज्याच्याकडे धाव घेतली तो न्याय देणारा ना धर्मगुरू होता ना धर्मग्रामस्थ. तो कंपनीचा दंडाधिकारी होता.

रोमने हार्टमन यांची पाठराखण केली. मे १८५३ मध्ये पोप नववे पायस यांनी 'प्रोबे नोस्तिस' हे पत्र काढून मकावच्या बिशपच्या वर्तनाचा आणि मुंबईतील पाद्रोआदोच्या चार प्रमुख धर्मगुरूंचा निषेध केला. पोर्तुगालच्या संसदेत त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. हार्टमन यांनी आपले सहकारी इग्नेशियस पर्सिको यांना रोम आणि लंडन येथे पाठवून ब्रिटिश सरकारपुढे प्रॉपगंडाची बाजू मांडली. नेपल्सचे हे कॅपुचिन पुढे १८५४ मध्ये बिशप आणि वार्धक्यात कार्डिनल झाले. माहीमचे चर्च मात्र परत मिळाले नाही.

वादाचे शास्त्रीय स्वरूप

माहीमच्या दोन्ही पक्षांना गुरुदीक्षेचा संस्कार मान्य होता. धर्मगुरूवाचून मिस्सा होऊ शकत नाही, याविषयी त्यांच्यात मतभेद नव्हता. प्रोटेस्टंट अर्थाने पौरोहित्य नाकारणारे कोणी तेथे नव्हते. तरीही धर्मगुरू कोणाचा आणि कोणी ठरवलेला, या प्रश्नावर दोन भिन्न समजुती समोरासमोर आल्या आणि दोहोंना नव्या करारात काही ना काही आधार सापडतो.

नव्या करारात 'पुरोहित' या अर्थाचा ग्रीक शब्द यहुदी पुरोहितांसाठी, ख्रिस्तासाठी आणि सर्व विश्वासी जनांच्या समुदायासाठी येतो. मंडळीच्या एखाद्या अधिकाऱ्यासाठी तो वापरलेला नाही. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आणि प्रकटीकरणाच्या पुस्तकात सर्व श्रद्धावंतांना मिळून पुरोहितवर्ग म्हटले आहे. इंग्रजीतील धर्मगुरुवर्गवाचक शब्द ज्या 'क्लेरोस' या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ चिठ्ठी किंवा वाटा असा आहे, आणि पेत्राच्या त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात तो मेंढपाळांकडे सोपवलेल्या कळपाला, म्हणजे सामान्य लोकांनाच उद्देशून आला आहे. प्रापंचिकासाठीचा 'लाइकोस' हा शब्द नव्या करारात नाही. ख्रिस्ती वाङ्मयात तो प्रथम रोमच्या क्लेमेंटच्या पत्रात, पहिल्या शतकाच्या अखेरीस दिसतो.

याचा अर्थ आरंभीच्या मंडळीत अधिकारपदे नव्हती असा होत नाही. देखरेख करणारे, वडीलजन आणि सेवक यांचे उल्लेख नव्या करारात स्पष्ट आहेत. प्रेषितांनी गावोगाव वडीलजन नेमल्याचे आणि हस्तारोपणाने देणगी दिली गेल्याचे वर्णन प्रेषितांच्या कृत्यांत व तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांत आहे. बिशपच्या अधिकाराचे समर्थक यावर भर देतात : अधिकार वरून, हस्तारोपणाच्या अखंड परंपरेतून येतो, लोकांच्या मतातून नाही. हार्टमन याच विचारात घडले होते. १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने नेमका हाच सिद्धान्त ल्यूथरच्या विरोधात ठामपणे मांडला होता, आणि लोकांच्या किंवा सरकारच्या संमतीवाचून दिलेली दीक्षा निष्फळ ठरते हे मत तिने फेटाळले होते.

परंतु प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातील प्रसंग या दोन्ही टोकांना सोयीचा नाही. विधवांच्या अन्नवाटपावरून कुरबुर झाल्यावर सात सेवकांची निवड समुदायाने केली आणि हस्तारोपण प्रेषितांनी केले. निवड खालून, दीक्षा वरून. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनीही बिशप निवडताना लोकांची उपस्थिती व साक्ष आवश्यक मानली, आणि पाचव्या शतकातील पोप पहिले सेलेस्टिन यांनी लोकांच्या इच्छेविरुद्ध त्यांच्यावर बिशप लादू नये अशी भूमिका घेतली. लोकांचा हा सहभाग पुढे राजांच्या नामनिर्देशनात आणि नंतर रोमच्या नेमणुकीत विरून गेला. माहीमच्या धर्मग्रामस्थांनी सिप्रियन वाचला असण्याची शक्यता कमी. तरी आपल्या संमतीशिवाय आपला धर्मगुरू ठरू नये, ही त्यांची मागणी चर्चच्या परंपरेला परकी नव्हती. परकी होती ती चर्चचा कारभार एका अधिकाराकडून काढून दुसऱ्याकडे देण्याची मागणी, कारण तिला प्राचीन मंडळीत दाखला मिळत नाही.

मुंबईतील इतर कार्य

वेढ्याच्या सावलीत हार्टमन यांचे उरलेले काम झाकोळले जाते. १८५० मध्ये सुरू झालेले 'एक्झामिनर' सुरुवातीला बरेचसे प्रॉपगंडाची बाजू मांडण्याचे साधन होते. तेच पुढे मुंबई धर्मप्रांताचे मुखपत्र बनले आणि आजही निघते. प्रापंचिकांचे मत आपल्या बाजूला वळवल्याखेरीज हा वाद जिंकता येणार नाही, हे या साप्ताहिकामागचे गृहीतक होते. लोकांच्या मताला निर्णायक मानण्यास नकार देणाऱ्या बिशपने छापखान्याची वाट धरावी, यात काळाची चाहूल दिसते. कार्मेलाइटांनी मुंबईतून अंग काढून घेतल्यावर क्षेत्राची विभागणी झाली : मुंबई कॅपुचिनांकडे आणि पुणे जेझुइटांकडे. १८५४ मध्ये हार्टमन मुंबईचे व्हिकार अपोस्टोलिक झाले. ब्रिटिश सैन्यात कॅथॉलिक सैनिकांची, विशेषतः आयरिश सैनिकांची संख्या मोठी असूनही त्यांच्या धर्मगुरूंना दुय्यम वागणूक मिळे. या बाबतीत सरकारशी पाठपुरावा करण्यात त्यांचा व पर्सिको यांचा बराच वेळ गेला.

१८५६ मध्ये ते युरोपला गेले. फेब्रुवारी १८५७ मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन पाद्रोआदोला पुन्हा मान्यता मिळाली. ज्या तत्त्वासाठी हार्टमन माहीमच्या चर्चमध्ये कोंडून घेऊन बसले, त्या तत्त्वावर रोमनेच तडजोड केली होती. १८५८ मध्ये त्यांनी मुंबईचे पद सोडले आणि संपूर्ण मिशन जेझुइटांकडे गेले. त्यांनीच पुढे १८६९ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेज काढले.

अखेरची वर्षे

१८६० मध्ये हार्टमन पुन्हा पाटण्याला आले. तेथे त्यांनी प्रवचने, शिक्षण आणि लेखन यांत वेळ घालवला. हिंदुस्थानी भाषेत नव्या कराराचे भाषांतर हे त्यांच्या या काळातील महत्त्वाचे काम होय. प्रापंचिकांच्या हाती चर्चचा कारभार देण्यास ज्यांनी प्राणपणाने विरोध केला, त्यांनी त्यांच्या हाती शास्त्र मात्र त्यांच्या भाषेत दिले. पाटण्याजवळील कुर्जी येथे २४ एप्रिल १८६६ रोजी पटकीने त्यांचे निधन झाले. संतपदाच्या प्रक्रियेत १९९८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना 'पूजनीय' घोषित केले.

नंतरच्या घडामोडी

१८८६ मध्ये नवा करार होऊन मुंबईला आर्चबिशप मिळाला आणि पाद्रोआदोच्या चर्चसाठी दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला. एकाच शहरात दोन बिशपांचा अंमल ही व्यवस्था यानंतरही चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली. १९२८ मध्ये दुहेरी अधिकारक्षेत्र रद्द झाले. त्या बदल्यात मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावेत असे ठरले. या वाटाघाटीत मुंबईच्या ख्रिस्ती रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. ती अटही स्वातंत्र्यानंतर गळून पडली आणि १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली चर्चविषयक आपल्या दस्तऐवजात देवाच्या सर्व प्रजेचे प्रकरण धर्माधिकाऱ्यांच्या प्रकरणाच्या आधी ठेवले आणि सर्व बाप्तिस्मित जनांचे पौरोहित्य स्पष्ट शब्दांत मान्य केले. मात्र दीक्षित पौरोहित्य त्याहून केवळ प्रमाणाने नव्हे तर स्वरूपानेच वेगळे आहे, हेही त्याच दस्तऐवजात नोंदवले. आज धर्मग्रामांत प्रापंचिकांच्या सल्लागार समित्या असतात. त्यांचा अधिकार सल्ल्यापुरताच आहे, आणि धर्मगुरूची नेमणूक बिशपच करतात.

सेंट मायकेल चर्चची सध्याची इमारत १९७३ मधील आहे. १९४८ पासून तेथे दर बुधवारी होणाऱ्या नोव्हेनाला सर्व धर्मांचे लोक मोठ्या संख्येने येतात.